चैत्रातील वादळ आणि घरचे शास्त्र

भारतीय साहित्याने ऋतूंचे जे कौतुक केले आहे, त्यात एका ऋतुघटनेच्या वाट्याला पुरेसा मान आलेला दिसत नाही. आषाढाच्या मेघाला कालिदासाने दूत केले. वसंत म्हटला की आम्रमंजिरी, कोकिळ आणि मलयवारा यांची हजेरी ठरलेली. परंतु फाल्गुनाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत दुपार कलता कलता जे वादळ अवचित येते, घटका-दोन घटका धुमाकूळ घालते आणि ओल्या मातीचा वास मागे ठेवून निघून जाते, ते या दोहोंच्या मध्ये कोठे तरी राहून गेले. अपवाद आहेत. शंकर पाटील यांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'वळीव' आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'पथेर पांचाली'त वादळात आंबे वेचायला धावणारी भावंडे आहेत. परंतु एकंदरीत पाहता हे वादळ काव्यात फारसे रमले नाही. ते ओसरीवर, गच्चीवर आणि माजघरात राहिले. ते घराचे वादळ आहे आणि म्हणूनच त्याच्याविषयी घराने जे जाणले, तेही ज्ञानच आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रथम या वादळाची घडण पाहू. पूर्व भारतात त्याचा पसारा सर्वांत स्पष्ट दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये छोटा नागपूरचे पठार तापू लागते. बंगालच्या उपसागरावरून दमट वारे जमिनीलगत आत शिरतात आणि त्यांच्या वरच्या थरातून पश्चिमेकडील कोरडी हवा वाहत असते. ही वरची हवा काही काळ झाकणासारखे काम करते. खाली उष्मा आणि ओलावा साठत राहतो. दुपारनंतर झाकण उघडले, की दमट हवा वेगाने वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच ढग उभे राहतात. त्या ढगातून पाऊस पडू लागला म्हणजे भोवतालची हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येणारा जो गार झोत आपल्या अंगाला लागतो, तो हाच. वाऱ्याचा वेग ताशी ६० ते १०० किलोमीटर, क्वचित त्याहूनही अधिक होतो. तापमान पाहता पाहता पाच-सात अंशांनी, कधी दहा अंशांनीही उतरते. पठारावर जन्मलेली ही वादळे आग्नेयेकडे सरकत बंगालच्या मैदानात बहुधा सायंकाळी पोचतात. वायव्येचे आकाश काळवंडले की बंगाली गृहिणी गच्चीकडे धाव घेते, त्यामागे हा सारा वातावरणाचा व्यवहार आहे. तिने तो पुस्तकात वाचलेला नसतो. पण दिशा, वेळ आणि क्रम या तिन्ही बाबतींत तिचा अनुभव पुस्तकाशी जुळतो.

या एकाच घटनेला आपल्या भाषांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. बंगालीत ती 'कालबैशाखी'. मराठी कानाला यातील 'काल' शब्दात आपला 'काळ' लगेच ऐकू येतो. आणि तो अर्थ चुकीचा नाही, कारण वैशाखातला काळ होऊन येणारे वादळ असाच त्या नावाचा रोख आहे. मराठीत 'वळीव' किंवा 'वळवाचा पाऊस' म्हटले, की तापलेल्या भुईचा दिलासा सूचित होतो. तोच पाऊस रब्बीचे पीक खळ्यात असताना आला, तर त्याला 'अवकाळी' म्हणतात. म्हणजे आकाशातील घटना एक, पण कोणाच्या अंगणात काय पसरले आहे यावरून तिचे नाव ठरते. दक्षिणेकडे याच दिवसांतील सरींना आंब्यावरून नाव मिळाले आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतून ते 'आम्रसरी' म्हणून रूढ झाले. कर्नाटकातील कॉफीच्या मळ्यांत याच सरींनी झाडे फुलतात. बंगालात ताग आणि आसामात चहा यांनाही हा पाऊस हवाच असतो. उत्तरेकडील 'आँधी'त पाण्यापेक्षा धूळ अधिक.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण नाव आसामचे. तेथे या वादळाला 'बरदैसिला' म्हणतात. ते मूळ बोडो भाषेतले असून त्यात वारा, पाणी आणि मुलगी हे तीन शब्द एकवटले आहेत. लोकसमजूत अशी, की ही सासुरवाशीण बिहूच्या सुमारास माहेरी निघते. जाताना तिला इतकी घाई असते, की वाटेतली झाडे आणि छपरे मोडून पडतात. आणि सण आटोपल्यावर परतताना ती पुन्हा तशीच धावत जाते. मराठी वाचकाला येथे काही परके वाटू नये. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत आपल्या घरांत चैत्रगौर बसते, तीही माहेरवाशीणच. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणि कृष्णा-गोदेच्या खोऱ्यात ज्या आठवड्यांत आकाश बिघडते, त्याच आठवड्यांत दोन्हीकडच्या कल्पनेत एक मुलगी आईकडे निघालेली असते. एकाने दुसऱ्याकडून काही घेतले, असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र ऋतूचा अर्थ घराच्या नात्यांतून लावण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

स्वयंपाकघरातही हेच साम्य आढळते. वादळाने पाडलेली कैरी ही झाडावरून उतरवलेल्या कैरीसारखी टिकत नाही. तिला मार लागलेला असतो आणि ती दोन दिवसांत वापरावी लागते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून तीत कैरी किसून घालतो आणि पन्हे करतो. बंगाली घरात मसुरीच्या शिजत्या वरणात कैरीच्या फोडी पडतात आणि भाजलेल्या कैरीचे सरबत होते. बंगालात संसार थाटलेल्या मराठी घरांत या दोन्ही डाळी एकाच आठवड्यात होताना दिसतात, तेव्हा भाषांतर म्हणजे काय याचा एक धडा पानावरच वाढलेला असतो.

आता घरच्या ज्ञानाचा प्रश्न. चैत्र हा मराठी घरात वाळवणाचा महिना. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे पसरलेले असताना आकाशाकडे एक डोळा ठेवणे हे सौंदर्यदृष्टीचे काम नसून वर्षाच्या बेगमीचे काम असते. वारा अचानक पडला, उकाडा असह्य झाला, मुंग्यांची धावपळ सुरू झाली, घारी उंच न जाता खाली घिरट्या घालू लागल्या, दूरच्या धुळीची भिंत दिसली, गार झुळूक आली, अशा खुणांची एक मालिका प्रत्येक जुन्या घराला पाठ होती. त्यानुसार कोणती कामे कोणत्या क्रमाने उरकायची हेही ठरलेले असे. आधी वाळवण, मग कपडे, मग सरपण, मग खिडक्या. पूर्व भारतात वादळ सुरू होताच शंख फुंकला जातो. काही घरांत जुन्या बायका अंगणात पाट मांडून वाऱ्याला बसावयास सांगत. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु शंखाचा आवाज शेजारच्या घरी आणि शेतावर पोचतो, ही गोष्ट विसरू नये.

आपल्या लोकपरंपरेने हे ज्ञान कोणाच्या मुखी घातले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत सहदेवाबरोबर भाडळी आहे. बंगालीत पाऊसपाण्याची आणि शेतीची वचने खनेच्या नावावर आहेत. दोन्हीकडे स्त्रीचे नाव. त्यांचा ऐतिहासिकपणा हा निराळा विषय. पण आकाश वाचण्याचे काम घरातील कोण करीत असे, याची कबुली या नावांत आहे. आणि तरीही अभ्यासक्रमांत या वचनांना स्थान मिळते ते फार तर लोकसाहित्याच्या एखाद्या प्रकरणापुरते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. आज त्याच्याजवळ रडार आहेत, उपग्रहांची चित्रे आहेत आणि पुढील तीन तासांत वादळ कोठे पोचेल हे सांगण्याची व्यवस्था आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे साधन विजेचा इशारा थेट मोबाईलवर देते. मग मुंग्या आणि घारी पाहण्याचे प्रयोजन काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि घरच्या ज्ञानाची भलावण करताना त्याच्या चुका झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. वीज चमकत असता झाडाखाली आसरा घेणे ही आपल्या खेड्यांतली जुनी सवय घातकच आहे. विजेची चकाकी आणि गडगडाट यांतील अंतर दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असते, हे घरातल्या मुलालाही मोजता येईल. पण गडगडाट ऐकू येऊ लागला म्हणजे आपण धोक्याच्या टापूत आहोत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी उघड्यावर जाऊ नये, हा नियम कोणत्याही जुन्या वचनात नाही. तो शास्त्राने दिला. देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांतील फार मोठा वाटा शेतात राबणाऱ्यांचा आणि गुरे राखणाऱ्यांचा असतो. हा आकडा समोर असता कोणी केवळ परंपरेच्या अभिमानाने बोलू नये.

परंतु आक्षेपाचे उत्तर येथे संपत नाही. किंबहुना येथेच सुरू होते. इशारा तयार होणे आणि तो घरात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम स्वरूपाच्या पर्जन्याची शक्यता' हे वाक्य शुद्ध आहे. पण ज्या बाईने उन्हात गहू पसरला आहे, तिला त्यातून काय करावयाचे ते कळत नाही. 'दुपारी चारच्या आत वाळवण आवरा, गुरे गोठ्यात घ्या, मोकळ्या रानात थांबू नका' हे वाक्य तिला कळते. पहिले वाक्य कचेरीचे आणि दुसरे घराचे. शास्त्राला घराच्या भाषेची गरज आहे ती शोभेसाठी नव्हे, तर त्या भाषेत नुसती माहिती नसून कृती सांगितलेली असते म्हणून.

दुसरी गोष्ट छपराची. वादळ 'पाहणे' या शब्दात एक विशेषाधिकार दडलेला आहे. खिडकीशी उभे राहून विजा पाहता येतात, त्या खिडकीची भिंत पक्की असेल तर. २ मे २०१८ च्या रात्री उत्तर प्रदेश आणि राजस्थानात धुळीच्या वादळाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांतली अनेक जण घराची भिंत किंवा छप्पर अंगावर कोसळून मेली. जे घर आसरा द्यावयाचे, तेच काळ ठरले. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रात गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे आणि डाळिंबे यांची जी धूळधाण केली, तिच्या आठवणी असलेल्या घरात वळवाचे गोडवे कोणी गाणार नाही. म्हणून या वादळाविषयी लिहिताना गच्चीवरच्या मृद्गंधाबरोबर पत्र्यावर ठेवलेले दगडही लिहिले पाहिजेत. कशाच्या जोरावर आपण निवांत उभे आहोत, याचे भान नसलेले निसर्गप्रेम अपुरे आहे.

तेव्हा करावयाचे काय? विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांना येथे एक प्रत्यक्ष काम आहे आणि ते फार खर्चाचेही नाही. प्रत्येक भाषेतील वादळाचे, वाऱ्याचे, ढगांचे आणि गारांचे घरगुती शब्द गोळा करावेत. कोणता शब्द कोणत्या महिन्याला, कोणत्या दिशेला आणि कोणत्या कृतीला जोडलेला आहे, तेही नोंदवावे. 'वावटळ', 'सोसाटा', 'झड', 'वळीव' हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे आता वयस्क झाली आहेत. बंद काचांच्या खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना वादळ कळते ते वीज गेल्यावर. ही नोंद हवामानशास्त्रज्ञांच्या हाती द्यावी आणि त्यांच्याकडून तिची पारख करून घ्यावी. जे टिकेल ते इशाऱ्यांच्या भाषेत जावे. जे टिकणार नाही, ते चुकीचे का ठरले हे तीच वचने म्हणणाऱ्या घरांना जाऊन सांगावे. बोडो, असमिया, बंगाली, उडिया आणि मराठी यांचे अभ्यासक एका टेबलाशी बसले, तर आपल्या भाषा वाङ्मयापुरत्या शेजारी नसून हवेच्या बाबतीतही शेजारी आहेत, हे ध्यानात येईल.

आपण भाषेचा अभिमान साहित्यकृतींच्या संख्येवर मोजतो. तिचे एक मोजमाप असेही असावे, की आभाळ भरून आले असता ती भाषा वेळेवर, नेमके आणि सर्वांना कळेल असे बोलू शकते काय. पुढच्या चैत्रात वायव्येला पहिला ढग दिसेल, तेव्हा या परीक्षेला पुन्हा बसावे लागेल. आणि तिचा निकाल पत्र्याच्या छपराखालच्या माणसांवर लागतो, एवढे अभ्यासकांनी लक्षात ठेवावे.