घरचा आहेर

नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो याने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत स्वतःच्याच मँचेस्टर युनायटेड क्लबचे वाभाडे काढले. २००९ मध्ये आपण हा क्लब सोडला तेव्हापासून तेथील सोयींत काहीही सुधारणा झालेली नाही, मालकांना खेळाविषयी आस्था नाही, प्रशिक्षकांबद्दल आपल्याला आदर नाही, असा एकूण सूर होता. २२ नोव्हेंबरला त्याचा करार संपुष्टात आला. सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावातही फुटबॉलवेडी मुले आहेत, आणि त्यांच्यापैकीच कालपरवा नोकरीत आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने पुढे कधीतरी मला विचारले, "सर, हे आपल्या आचरण नियमांत बसले असते का?" (महाराष्ट्रात ज्याला 'वर्तणूक नियम' म्हणतात त्याला इकडे 'आचरण नियम' म्हणतात.)

नियमाचे उत्तर सोपे आहे: बसले नसते. अखिल भारतीय सेवा (आचरण) नियम, १९६८ मधील सातव्या नियमानुसार शासनाच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर अथवा कृतीवर प्रतिकूल टीका ठरेल असे विधान अधिकाऱ्याला जाहीरपणे करता येत नाही. राज्यांचे नियमही थोड्याफार फरकाने हेच सांगतात. हा लेख लिहिताना मलाही तोच नियम लागू आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच. नियम अन्यायकारक आहे असे मला वाटत नाही. आज ज्या आदेशाची अंमलबजावणी मी गावकऱ्यांसमोर करणार, त्याच आदेशाची खिल्ली मी उद्या वर्तमानपत्रात उडवली, तर परवा माझ्या सहीवर कोणी विश्वास ठेवावा?

परंतु नियम सांगितल्याने प्रश्न संपत नाही. घरचा आहेर देणाऱ्याला शिक्षा करण्यापूर्वी एक गोष्ट तपासली पाहिजे, आणि ती बहुधा कोणीच तपासत नाही. तो घरात आधी बोलला होता काय, आणि बोलला असल्यास घराने काय केले?

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण घेऊ. धनराज पिल्ले यांचे घराणे तमिळ, पण ते वाढले पुण्याजवळच्या खडकीत. वडील तेथील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि मुले मोडक्या स्टिका व टाकून दिलेले चेंडू घेऊन हॉकी शिकली. खमरियाचा कारखाना ज्यांनी पाहिला आहे त्या जबलपूरकरांना अशी वसाहत आणि असे मैदान समजावून सांगावे लागणार नाही. या मुलाने पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळल्या.

१९९८ मध्ये परदेशी संघांविरुद्धच्या मालिकेपूर्वी भोपाळला सराव शिबिर होते. तेथे खेळाडूंना मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनाबद्दल धनराज यांनी उघड तक्रार केली. सामन्यांचे मानधन आणि दैनिक भत्ता यांविषयीही ते बोलले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर नमवून सुवर्णपदक मिळवले. १९६६ नंतरचे हे पहिलेच सुवर्ण. म्हणजे बत्तीस वर्षांची प्रतीक्षा संपली. त्यानंतर काय व्हावे? कर्णधारासह सात ज्येष्ठ खेळाडू संघातून वगळले गेले. त्यांना 'विश्रांती' दिली आहे, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. ही विश्रांती म्हणजे भत्त्यांविषयी बोलल्याची शिक्षा होती, असे त्या वेळी सर्वत्र मानले गेले. प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक यांनाही पद गमवावे लागले.

'विश्रांती' हा शब्द वाचून प्रशासनातील कोणाही माणसाला ओळखीचे हसू येईल. आमच्याकडे 'प्रशासकीय कारणास्तव' हे शब्द तेच काम करतात. शिक्षा म्हटली की आरोप लिहावा लागतो, खुलासा मागवावा लागतो, त्यावर कारणांसह आदेश काढावा लागतो. विश्रांतीला यांतले काहीच लागत नाही. मला आक्षेप आहे तो येथे. धनराज यांनी शिस्त मोडली असे महासंघाचे म्हणणे असते, तर तसे लिहून त्यांचा जबाब घ्यायला हवा होता. त्या जबाबात भत्त्याचे आकडे आले असते, आणि त्या आकड्यांना कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते.

त्या काळी महासंघाचे अध्यक्ष होते के. पी. एस. गिल, म्हणजे पंजाबचे माजी पोलीस महासंचालक, आमच्याच व्यवसायबंधूंपैकी एक. १९९४ पासून २००८ पर्यंत ते त्या पदावर होते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये संघ सातवा आला. मार्च २००८ मध्ये चिलीतील पात्रता स्पर्धेत हरल्याने भारत १९२८ नंतर प्रथमच ऑलिंपिक हॉकीला मुकला आणि पुढच्याच महिन्यात महासंघच बरखास्त झाला. हे सर्व धनराज यांना वगळल्यामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि बोलणाऱ्याला विश्रांती देण्याची सवय ज्या संस्थेला लागते, तिच्या कानावर वाईट बातमी वेळेवर जात नाही, एवढे माझ्या नोकरीच्या अनुभवावरून मी म्हणू शकतो.

घरचा आहेर नेहमीच योग्य असतो असेही नाही. आयर्लंडचा कर्णधार रॉय कीन याचीच दोन उदाहरणे पाहावीत. २००२ च्या विश्वचषकापूर्वी पॅसिफिकमधील सायपान बेटावर संघ सरावाला उतरला तेव्हा मैदान दगडासारखे कठीण होते आणि चेंडू व साहित्य वेळेवर पोहोचले नव्हते. कीनने वर्तमानपत्राला मुलाखत देऊन या व्यवस्थेवर कोरडे ओढले. प्रशिक्षकाशी जोरदार खडाजंगी झाली आणि त्याची घरी रवानगी झाली. नंतर आयरिश फुटबॉल संघटनेने बाहेरच्या सल्लागारांकडून चौकशी करवली. तिच्या अहवालात तयारीतील उणिवांवर बोट ठेवले गेले आणि संघटनेच्या सरचिटणीसांना पायउतार व्हावे लागले. तोच कीन २००५ मध्ये मिडल्सबरोकडून ४-१ असा पराभव झाल्यावर मँचेस्टर युनायटेडच्या स्वतःच्या वाहिनीवर बोलला, पण या वेळी रोख होता संघातील सहकाऱ्यांवर, त्यांतल्या काही अगदी तरुण खेळाडूंवर. क्लबने तो कार्यक्रम दाखवलाच नाही आणि त्याच नोव्हेंबरात कीनला निरोप दिला. दोन्ही वेळी माणूस एकच, स्वभाव एकच. पहिल्या वेळी तो ज्यांच्या हाती पैसा आणि व्यवस्था होती त्यांच्याविषयी बोलला, दुसऱ्या वेळी ज्यांना त्याच व्यासपीठावर उलट उत्तर देता येत नव्हते त्यांच्याविषयी. सायपानच्या कीनच्या बाजूने मी उभा राहीन, मिडल्सबरोनंतरच्या नाही.

आणि रोनाल्डो? त्याचा सूर मला रुचला नाही. संघाबाहेर बसावे लागल्याचा राग त्यात स्पष्ट होता. परंतु २०२४ मध्ये त्याच क्लबने सरावसंकुलाच्या नूतनीकरणासाठी पाच कोटी पौंडांचे काम हाती घेतले. सोयींविषयीची तक्रार अगदीच निराधार नव्हती म्हणायची.

चिंतामणराव देशमुख यांनी तिसरी वाट दाखवली. आय.सी.एस.मध्ये मुरलेला हा माणूस. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विचारात न घेता जाहीर झाला, हे त्यांनी जुलै १९५६ मध्ये लोकसभेत स्पष्ट शब्दांत सांगितले. पण अर्थमंत्रिपदाचा त्याग करून. अर्थमंत्र्याला ही वाट परवडते. खरेदी केंद्रावरच्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने राजीनामा देऊन खरे बोलावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे उदाहरण काल्पनिक नाही. पूर्वीच्या एका नेमणुकीत, जिल्ह्याचे नाव सांगत नाही, धान उघड्यावर भिजले. तेथील कर्मचाऱ्याने "ताडपत्री आलीच नाही" असे वार्ताहराला सांगितले. दोन दिवसांत कारणे दाखवा नोटीस निघाली. त्याच्या खुलाशासोबत ताडपत्रीच्या मागणीची तीन पत्रे जोडलेली होती, तिन्हींवर जावक क्रमांक होते आणि एकाचेही उत्तर आलेले नव्हते. प्रकरण माझ्याकडे अभिप्रायासाठी आले. नोटिशीचा निर्णय करण्यापूर्वी या तीन पत्रांचे काय झाले ते कळावे, एवढेच मी लिहिले. नस्ती वर गेली आणि 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली. हा शेरा ज्याने शोधला त्याचा कोणीतरी शोध घेतला पाहिजे; चर्चेत जे बोलले जाते ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येत नाही ते कोणी सांगितलेच नव्हते असे नंतर म्हणता येते. मी चर्चा केली, आणि तिचा सारांश तारखेसह त्याच नस्तीत लिहून ठेवला. नोटीस मागे घेतली गेली नाही, तिच्यावर कारवाईही झाली नाही.

मध्य प्रदेशात दर मंगळवारी जनसुनवाई असते. सिहोऱ्यातही लोक अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. कोणाचा सीमांकनाचा वाद, कोणाचे पेन्शन. या रांगेत माझा कर्मचारी उभा राहू शकत नाही, आणि आतल्या गोष्टी त्यालाच अधिक ठाऊक असतात. म्हणून जनसुनवाईनंतरचा एक तास मी कर्मचाऱ्यांसाठी ठेवला आहे. वेगळी नोंदवही आहे, नोंदीला क्रमांक मिळतो आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळते. पहिले दोन मंगळवार कोणी फिरकले नाही. तिसऱ्या मंगळवारी एक पटवारी आला, दार लोटून घेतले, आणि बसण्याआधी त्याने विचारले, "नाव लिहावे लागेल का, साहेब?"