मोकळ्या जागेसाठी पैसे मागताना

चाकणहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या वसाहतीसमोर मोकळी जागा आहे. नकाशात ती बागेसाठी सोडलेली; प्रत्यक्षात तिथे राडारोडा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रात्री मुक्कामाला येणारे टेंपो. “भिशीतल्या आम्ही बारा जणी मिळून तिथे झाडं लावू म्हणतो. आजूबाजूला एवढे कारखाने आहेत, ते अशा कामाला पैसे देतात म्हणे. मागायचे कसे?”

ताई, देतात हे खरं. आणि उपकार म्हणून नव्हे बरं का! १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. पर्यावरणाचं काम त्या यादीत आहे. कारखाना जिथे चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. तेव्हा मागताना मान खाली घालायचं कारण नाही. त्यांचे कंटेनर जातात त्याच रस्त्याची धूळ आपण रोज ओट्यावरून पुसतो.

कायदा नव्हता तेव्हाही कुणी काही केलंच नाही असं मात्र नाही. १९६६ च्या सुमारास टेल्को पिंपरी-चिंचवडला आली तेव्हा ती जागा उजाड होती. सुमंत मुळगावकरांनी कारखान्याच्या आवारात हजारो झाडं लावून घेतली, तळं केलं, आणि त्या तळ्यावर पाखरं येऊ लागली. आवाराबाहेरच्या जागांना असा वाली मिळाला नाही, म्हणून तर आपण आज अर्ज लिहितो आहोत.

अर्जाआधी एक गोष्ट तपासा. जागा कुणाची? मंजूर नकाशा पाहा. नगरपरिषद, महापालिका, एमआयडीसी की तुमची सोसायटी, जिची असेल तिची लेखी परवानगी घ्या. बिल्डरच्या तोंडी ‘हो’वर खड्डे खणू नका; उद्या तिथे पार्किंग झालं तर झाडंही गेली आणि कंपनीपुढे तोंड दाखवायचीही चोरी. फाटकाला कुलूप लावून फक्त सभासदांसाठी ठेवायची बाग असेल, तर हा पैसा मागूच नये. तो सगळ्यांच्या उपयोगासाठी असतो.

दुसरी अडचण तुमच्या भिशीची. कंपनी स्वतः काम करून देऊ शकते. पण बाहेरच्या संस्थेमार्फत करायचं तर ती नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी हवी, तिच्याकडे आयकराची १२अ आणि ८०जी ही प्रमाणपत्रं हवीत, अशा कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारदरबारी सीएसआर-१ हा अर्ज भरून वेगळी नोंदणीही हवी. हे ऐकून दडपून जाऊ नका. भिशीची संस्था करून तीन वर्षं थांबण्यापेक्षा कागदपत्रं तयार असलेली एखादी जुनी संस्था गाठा. पैसा त्यांच्या खात्यात, काम आणि देखरेख तुमची. मात्र कुणी काय करायचं ते आधी कागदावर उतरवा. मैत्री असली तरी हिशेब रोख, हे भिशी चालवणारीला मी काय सांगावं!

आता खर्चाचा अंदाज. इथेच बहुतेक अर्ज फसतात. रोपं, खड्डे आणि उद्‌घाटनाचा मांडव एवढंच लिहिलं जातं. जुलैत फोटो निघतात आणि मार्चमध्ये रोपाच्या जागी काडी उरते. रोप आणणं हा सगळ्यात स्वस्त भाग. महाग आहे ते पाणी, कुंपण आणि रोज येणारा माणूस. म्हणून पहिल्या तीन उन्हाळ्यांचं पाणी आणि माळ्याचा पगार अर्जातच मागा. सुरू होणाऱ्या वर्षाशिवाय पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवायची मुभा नियमांत आहे. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करण्याचं यंत्र असेल तर ते पाणी झाडांना चालतं. टँकरचा खर्च तेवढाच वाचेल.

झाडं आपल्याकडची लावा: कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, ताम्हण. मोठी जागा असेल तर वड, पिंपळ, चिंच. पिंपरी आणि चिंचवड ही नावं त्यांचीच तर आहेत. भराभर वाढते म्हणून सुबाभूळ नको. खड्डे वैशाखात खणून तापू द्या, शेणखत घाला आणि चांगले दोन पाऊस झाल्यावर पुरुषभर उंचीची रोपं लावा. कंपनीला पाटी लावायची असेल तर खुशाल लावू दे, फक्त झाडाला खिळा ठोकून नको.

कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा बेत आधीच ठरतो, म्हणून दिवाळी आटोपली की कागद गोळा करायला लागा. आधी कंपनीचा वार्षिक अहवाल पाहा. गेल्या वर्षी पैसे कुठल्या कामाला दिले ते त्यात छापलेलं असतं. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. सोबत परवानगीची प्रत आणि जागेचे आत्ताचे फोटो जोडा, राडारोड्यासकट.