गाव जोडलेले, बौद्धवाडा चिखलात

गाव बारमाही रस्त्याने जोडलेले आहे, अशी कागदावर नोंद असते. त्याच गावात पावसाळ्यात बौद्धवाड्यातल्या आजारी माणसाला खाटेवर घालून फाट्यापर्यंत न्यावे लागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्याचे कारण नियमांतच आहे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. (मनुस्मृती दहनाची तारीख, हा योगायोग.) रस्ता द्यायचा की नाही हे ती लोकसंख्येवर ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात ७०,१२५ कोटी रुपये खर्चून न जोडलेल्या २५ हजार वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते व्हायचे आहेत. अट अशी की सपाट भागात वस्ती किमान ५०० लोकांची हवी. आदिवासी क्षेत्र, डोंगराळ राज्ये आणि आकांक्षित जिल्हे-तालुक्यांत २५०. आकडा मात्र २०११ च्या जनगणनेचा.

इथे पहिली मेख आहे. योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार सपाट भागात बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आतली वस्ती ‘जोडलेली’ धरली जाते. आपले वाडे गावाबाहेर, पण हाकेच्या अंतरावर वसवले गेले. गावापासून तीन-चारशे मीटर, मध्ये ओढा आणि काळी माती. नियमाच्या लेखी तो वाडा जोडलेलाच. अस्पृश्यतेने ठरवलेले अंतर आज आपल्याला यादीबाहेर ठेवते, याची चर्चा कुठेच होत नाही.

दुसरी मेख अशी की जनगणना आकडे छापते ते महसुली गावाचे, वाड्याचे नाही. वाड्याची लोकसंख्या किती हे स्थानिक पातळीवर कोणीतरी लिहितो आणि तेच पुढे चालते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेचा निधीही वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार मिळतो. म्हणजे एक चुकीचा आकडा दोन ठिकाणी नडतो.

एसटीचेही तेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, शाळकरी मुलींना मोफत पास आहे. चांगलेच आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते, आणि रस्ता नाही तिथे गाडी येत नाही. फाट्यापर्यंतची पायपीट कोणत्याही योजनेत बसत नाही. सातवी-आठवीनंतर मुलीची शाळा का सुटली, हे विचारताना ही पायपीट मोजली पाहिजे.

सगळ्यात गंभीर बाब पुढे आहे. पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. त्या महिन्यात मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांत असतात. २०११ मध्येही मोजणी फेब्रुवारीतच झाली होती. गणनेच्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद गावात होत नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. सापडला तर. ऊसतोडीला जाणाऱ्यांत बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्या वाड्यातून चाळीस कोयते बाहेर पडतात, तिथून किमान ऐंशी माणसे कमी होतात, मुले वेगळी. अडीचशेच्या उंबरठ्यावरच्या वस्तीसाठी एवढे पुरे आहे. पुढच्या टप्प्यांतही हाच आकडा वापरला गेला, तर पुन्हा दहा-पंधरा वर्षे तोच चिखल.

जनगणनेत धर्म बौद्ध लिहा, हा प्रचार आपण करतो आणि तो केलाच पाहिजे. पण नोंद करायला माणूस घरी तरी हवा! म्हणून कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्याआधी वाड्याची स्वतःची घरनिहाय यादी करावी. माणसे किती, स्थलांतर करणारी किती, शेवटच्या घरापासून डांबरी रस्ता टेप लावून किती मीटर. ती यादी ग्रामसभेच्या ठरावात घ्यावी आणि ठरावाची नक्कल हातात ठेवावी. ही ग्रामसभा २ ऑक्टोबरचीच गाठावी. तेव्हा बहुतेक कुटुंबे अजून गावात असतात. २६ जानेवारीला ती फडात असतात.