चार पैसे : सरासरीला वजन कुणाचं?



या सदरात आपण आजवर घराचं कर्ज, पेन्शन, मुंबईतल्या खात्यावरचं व्याज असले सोवळे विषय घेतले. यंदा पत्रं आली ती तरुण मंडळींची, आणि दोन निवृत्त वाचकांचीही. सगळ्यांचा प्रश्न एकच : घरबसल्या पाउंड-डॉलरची सकाळी खरेदी, संध्याकाळच्या आत विक्री करायची, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठली सरासरी लावावी?

आधी सरासरी म्हणजे काय ते पाहू. समजा, आपण हापूसची एक पेटी १० पाउंडाला घेतली आणि मंडळाच्या कार्यक्रमासाठी आणखी ९ पेट्या १४ पाउंड दराने घेतल्या. दोन भावांची साधी सरासरी १२ पाउंड. पण खजिनदार काही हे ऐकायचे नाहीत! १३६ पाउंड भागिले १० पेट्या, म्हणजे १३ पाउंड ६० पेन्स. ही भारित सरासरी. जिथे माल जास्त, त्या भावाला वजन जास्त.

चलनाच्या आलेखावर दोन तऱ्हेची वजनं दिसतात. पहिलं वजन वेळेचं. समजा, पाच-पाच मिनिटांचे पाच भाव असे : १.२६००, १.२६०५, १.२६१०, १.२६१५ आणि १.२६४०. साधी सरासरी येते १.२६१४. ताज्या भावाला ५, त्याआधीच्याला ४, असं उतरत १ पर्यंत वजन दिलं की येते १.२६२०. म्हणजे भारित सरासरी शेवटच्या उडीला लवकर ओळखते. वीस खणांची साधी सरासरी भावाच्या सुमारे साडेनऊ खण मागे चालते, भारित सरासरी सव्वासहा. पाच मिनिटांचा एक खण धरला तर ४७ मिनिटं आणि ३२ मिनिटं. फायदा तेवढाच, आणि त्याची किंमतही आहे. जी लवकर ओळखते ती लवकर फसतेही. एखादी पोकळ उडी आली की तिच्यामागे धावते. घातांकी सरासरीचंही तेच. ती ताज्या भावाला जास्त मान देते, पण जुना भाव पूर्णपणे कधीच विसरत नाही.

दुसरं वजन उलाढालीचं, आपल्या आंब्यांसारखं. याला व्ही-वॅप म्हणतात. शेअरबाजारात हे उत्तम चालतं, कारण किती शेअर कुठल्या भावाने गेले याची नोंद बाजारात होते. चलनाच्या रोखीच्या बाजाराला मात्र एक छप्पर नाही. बँका, दलाल, कंपन्या आपापसात सौदे करतात. जगभर मिळून एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला सुमारे साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल मोजली गेली, आणि त्यातली ३८ टक्के या आपल्या ब्रिटनमध्ये. पण त्यातला कुठला सौदा किती रकमेचा, हे आपल्या पडद्याला कळत नाही. तिथला ‘व्हॉल्यूम’ म्हणजे बहुधा भाव किती वेळा हलला त्याची मोजदाद, नाहीतर त्या एका दलालाकडची उलाढाल. पेट्या न मोजता दुकानाचं दार किती वेळा उघडलं ते मोजण्यासारखंच हे. खरं वजन हवं असेल तर शिकागोच्या बाजारातले चलनाचे वायदे पाहावे; तिथे १९७२ पासून हे सौदे होतात आणि उलाढालीची नोंद असते.

खऱ्या वजनाचं उदाहरण आपल्याकडेही आहे. जुलै २०१८ मध्ये डॉलर-रुपयाचा संदर्भ दर काढण्याचं काम रिझर्व्ह बँकेकडून एफबीआयएल या संस्थेकडे गेलं. तेव्हाची पद्धत अशी : साडेअकरा ते साडेबारा यांतली कुठलीही पंधरा मिनिटं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची आणि त्या वेळात प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांची रकमेनुसार सरासरी काढायची.

व्ही-वॅपची आणखी एक मेख. ती दिवसाच्या आरंभापासून मोजतात. पण चोवीस तास चालणाऱ्या बाजाराचा दिवस उजाडतो कधी? न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचपासून धरली तर एक रेघ, लंडनच्या सकाळी आठपासून धरली तर दुसरीच. आपण लंडनच्या वेळेत व्यवहार करणार असाल तर आठपासून धरावी आणि रोज तीच ठेवावी.

तेव्हा आमचं म्हणणं असं. सौदा अर्धा-पाऊण तासच ठेवायचा असेल तर वेळेची भारित सरासरी. दिवसभराचा भाव महाग की स्वस्त हे जोखायचं असेल तर वायद्यांवरची व्ही-वॅप. दोन्हीपैकी एकच घ्या. मागच्या महिन्यात जी छान जुळली तीच निवडाल तर ती पुढच्या महिन्यात जुळेलच असं नाही. आणि जुन्या भावांवर तपासताना दलालाचा खरेदी-विक्रीतला फरक प्रत्येक सौद्यातून वजा करा. कागदावरचा बराचसा नफा तिथेच आटतो.

शेवटी वडीलकीच्या नात्याने एक सांगतो. या देशात २०१९ पासून किरकोळ गिऱ्हाइकाला मुख्य चलनांत तीसपटीची मर्यादा आहे. म्हणजे हजार पाउंडांवर तीस हजारांचा सौदा. भाव एक टक्का उलटा गेला की तीनशे पाउंड गेले. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ साली सांगितलं होतं की अशा सौद्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात. या लोकांपाशीही सरासऱ्या होत्याच की! म्हणून आधी तीन महिने वहीत सौदे लिहून पाहा, मग घरच्यांना ती वही दाखवा. मुलांच्या फीचे आणि पेन्शनचे पैसे मात्र यात घालू नका. निवृत्त वाचकांना हे जरा जास्तच आग्रहाने सांगतो.

पुढच्या अंकात मृत्युपत्राविषयी. प्रश्न अवश्य कळवा.