हवेचा लिलाव

गायरान कुणाचं, पाणवठा कुणाचा, ही भांडणं आपण पिढ्यान् पिढ्या भांडतोय. आता हवा कुणाची हे भांडण लागलंय आणि आपल्या वस्तीला त्याची खबरच नाही.

टीव्हीचं चित्र ज्या लहरींवरून येतं त्या मोजक्या आहेत. एका जागी दोघांनी एकच लहर धरली की दोघांचंही वाटोळं. म्हणून वाटप सरकारच्या हाती. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती लोकहितासाठीच वापरली पाहिजे. निकाल झकास! पण महाड नगरपालिकेनंही १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केलाच होता. ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली डोकी फोडून घ्यावी लागली. कागदावरची मालकी अशी असते.

दूरदर्शनचा जुना ॲनालॉग ट्रान्समीटर ७-८ मेगाहर्ट्झ जागा अडवून एकच वाहिनी दाखवायचा. डिजिटल तंत्रात तेवढ्याच जागेत अनेक वाहिन्या बसतात. मोजके सोडून जुने ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं. साहेब लोक याला कार्यक्षम वापर म्हणतात. आमची ना नाही. सवाल एवढाच आहे, की वाचलेली जागा कुणाच्या सातबाऱ्यावर चढवायची?

सरकारचं उत्तर तयार आहे : लिलाव. ज्याची थैली जड त्याची हवा. बरं, ही कार्यक्षमता तरी कसली? ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला २०१६ साली एकही बोली लागली नाही. २०२१ लाही नाही. २०२२ साली जिओनं तो घेतला. त्याच लिलावात सरकारनं दीड लाख कोटींची बोली मिळवली, आणि ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मात्र तसाच पडून राहिला. म्हणजे पडीक ठेवतील, पण भूमिहीनाला कसायला देणार नाहीत! गायरानाचीच गोष्ट.

कुणी म्हणेल, मोबाईल गरिबालाही लागतो. लागतो की! पण रिचार्ज संपलं की मोबाईल मुका होतो. अँटेनावरचा टीव्ही दर महिन्याला पैसे मागत नाही. आणि आपण नुसतं बघतच राहायचं काय? बोलायचं कुणी? सामुदायिक रेडिओला परवानगी दिली, तर तिथंही स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. आकाशवाणीच्याच बातम्या वाजवा म्हणतात. गावात बहिष्कार पडला तर ती बातमी आकाशवाणी येऊन सांगणार आहे काय?

म्हणून मागणी साधी आहे. मोकळ्या झालेल्या पट्ट्यातली एक जागा प्रत्येक जिल्ह्यात लोकांच्या वाहिन्यांसाठी राखा. बोली नको, नाममात्र फी घ्या. बातमीचा हक्क द्या. वाटप मंत्र्याच्या मर्जीवर नको, स्वतंत्र मंडळाकडे द्या. वर्षभर वापरली नाही तर खुशाल काढून घ्या, पण हाच नियम धनदांडग्यांनाही लावा.

हवा सार्वजनिक आहे असं न्यायालय म्हणतं. मग त्यात आमचा वाटा किती, ते आकड्यात सांगा!