खट्! आणि गिअर सुटला

मुलांनो, बाबांच्या नाहीतर काकांच्या मोटारसायकलवर मागं बसून चढ चढताना हा प्रकार कधी अनुभवलाय का? गाडी दुसऱ्या गिअरमध्ये छान ओढत असते. मध्येच 'खट्' असा आवाज येतो, इंजिन एकदम किंचाळायला लागतं आणि गाडी मात्र ढिम्म! वर जायचं सोडून ती मागंच घसरू पाहते. बाबा घाईघाईनं ब्रेक दाबतात, पुन्हा गिअर टाकतात आणि म्हणतात, "हा गिअर सारखा सुटतोय बघ."

उतारावर हे आणखी वाईट. उतरताना गिअरमधलं इंजिन गाडीला मागं धरून ठेवत असतं. गिअर सुटला की ती पकड जाते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. तेव्हा 'चालतंय तोवर चालवू' असं म्हणण्यासारखं हे दुखणं नाही. पण म्हणून लगेच इंजिन उघडायचीही घाई नको. डॉक्टर आधी विचारतात ना, कुठं दुखतं, कधी दुखतं? तसंच इथंही विचारायचं.

त्याआधी आत काय असतं ते पाहू. पुष्कळांना वाटतं, गिअर बदलला की एका चाकाचे दाते सुटतात आणि दुसऱ्याचे अडकतात. मोटारसायकलीत तसं नसतं बरं का! सगळ्या गिअरच्या जोड्यांचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या दांड्यावर नुसतं मोकळं फिरत असतं. ते दांड्याशी जखडलं, की तो गिअर पडला. जखडायचं काम चाकाच्या बाजूला असलेल्या जाड खुंट्या करतात. शेजारचं चाक सरकत येतं आणि त्याच्या खुंट्या याच्या खाचांत शिरतात. मेकॅनिक या खुंट्यांना 'डॉग' म्हणतात. हसू नका, खरंच म्हणतात!

चाकाला सरकवतो तो दोन बोटांचा चिमटा म्हणजे फोर्क. फोर्कला हलवतो नागमोडी खाचांचा ड्रम. आणि ड्रम जागेवरून हलू नये म्हणून स्प्रिंगनं दाबून धरलेला एक स्टॉपर असतो.

आता एक प्रयोग करा. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा आणि ओढा. सुटत नाहीत ना? आता बोटं जराशी सरळ करून ओढा. निसटली! खुंट्यांचं अगदी असंच असतं. नव्या खुंट्यांचे कोपरे धारदार असतात आणि बाजू किंचित आत तिरप्या कापलेल्या असतात. त्यामुळं जोर आला की त्या एकमेकींना आत ओढतात. झिजून कोपरे गोल झाले, की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. (आजोबांच्या जुन्या चेतक स्कूटरमध्ये खुंट्यांऐवजी फुलीच्या आकाराचा एक तुकडा हे काम करायचा. त्याची टोकं झिजली की तिचाही गिअर असाच सुटायचा.)

चला, आता तपास. पहिला प्रश्न, गिअरच सुटतोय ना? इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी रडत रडत का होईना पुढं जाते आणि 'खट्' होत नाही, तर तो क्लच घसरतोय. कटकट कटकट करत गचके बसतात, तर सैल चेन चक्राच्या झिजलेल्या दात्यांवरून उड्या मारत असेल. दोन्ही दुखणी गिअरबॉक्सच्या बाहेरची.

दुसरा प्रश्न, कोणता गिअर? सगळेच सुटत असतील तर सगळ्यांना सामाईक असलेल्या भागांकडं बघायचं. गाडी कधी पडली होती का? वाकलेला गिअर लिव्हर फूटरेस्टला किंवा इंजिनाला टेकत असला, तर तो पुरता खाली जातच नाही आणि खुंट्या अर्ध्याच अडकतात. लिव्हर सरळ केला की काम झालं! लिव्हर आपल्या दांड्यावर सैल झालेला असू शकतो. स्टॉपरची स्प्रिंग थकली असेल, तर खड्ड्यात आदळल्यावर गिअर सुटतो. बऱ्याच गाड्यांत क्लचचं झाकण आणि क्लच काढला की स्टॉपर हाताशी येतो, इंजिन उकलावं लागत नाही. पण एकच गिअर सुटत असेल, तर बहुधा त्याच्याच खुंट्या किंवा त्याचा फोर्क.

तिसरा प्रश्न, रेस दिल्यावर की सोडल्यावर? खुंटीला दोन बाजू असतात. चढावर एकीवर जोर येतो, उतारावर दुसरीवर.

आमच्या चौथीतल्या एका मुलीचे बाबा मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून रोज डेअरीला जातात. गाडीचा गिअर सुटायला लागला. एका गॅरेजवाल्यानं गाडीला हातही न लावता सांगून टाकलं, "अख्खा गिअरबॉक्स बदला." तेवढे पैसे कुठून आणायचे? शाळेत ती बाबांच्या मागंच बसून येते. तिनं वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले: गिअर कोणता, चढ की उतार, रेस दिली होती की सोडली होती. आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. अकराही वेळा दुसरा गिअर, चढावर, रेस दिल्यावर! तोवर बाबा कॅन निम्मे भरून पहिल्या गिअरवरच चढ चढत होते.

ते पान दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलं. लिव्हर ठीक, स्टॉपर ठीक. इंजिन उघडावं लागलंच, ते काही टळलं नाही. पण बदललं काय? एकमेकांत अडकणारी दोन चाकं आणि एक फोर्क. खुंट्यांचे कोपरे चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते. दोन्ही चाकं का बदलायची? एकच नवं घातलं, तर जुनं झिजकं चाक त्याचेही कोपरे खाऊन टाकतं. बाकीचे गिअर मात्र तसेच राहिले.

खुंट्या झिजतात कशानं? गिअर अर्धवट दाबल्यानं, क्लच नीट न दाबता गिअर टाकल्यानं. फोर्क झिजतो तो लिव्हरवर पाय ठेवून गाडी चालवायच्या सवयीनं. बाबांचा पाय कुठं असतो, ते मागं बसून तुम्हांला छान दिसतं. सांगताना जरा गोडीनं सांगा!

रविवारी बाबांना गाडी मधल्या स्टँडवर उभी करायला सांगा. इंजिन बंद हवं. बाबांना गिअर टाकू द्या, तुम्ही फक्त टायरला धरून मागचं चाक हळूच पुढंमागं हलवा. चेन आणि तारा यांच्याजवळ बोटं न्यायची नाहीत, हं! चाक हलवल्याशिवाय काही गिअर पडतच नाहीत. असं का होत असेल? खुंटी आणि खाच आठवा आणि उत्तर मला पत्रानं कळवा.