पुण्याचा जक्कल, आमचा रामन

"काही म्हणा, पोरांना डोकं होतं." जक्कलचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. पुण्यात येतं तसं आमच्या जोगेश्वरीतही येतं, आणि माझं टाळकं सरकतं.

कसलं डोकं? राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. टिळक रोडच्या अभिनव कला महाविद्यालयातली पोरं. जानेवारी 1976 मध्ये पहिला घात केला तो ओळखीतल्याच प्रकाश हेगडेचा. घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेतली, गळा आवळला, प्रेत पिंपात कोंबून तळ्यात बुडवलं. खंडणी मागितली ती त्यानंतर, मेलेल्या पोराच्या बापाकडे! पुढे जोशींच्या घरात तिघं, भांडारकर रोडला अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. मार्च 1977 मध्ये चक्क मित्राचा भाऊ, अनिल गोखले. प्रेत लोखंडी शिडीला बांधून नदीत टाकलं, ते येरवड्यापाशी वर आलं आणि बिंग फुटलं. याला डोकं म्हणायचं असेल तर खाटकाला शल्यविशारद म्हणा. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघेही फासावर गेले.

माझा राग मात्र आपल्यावर आहे. बळी दहा, खटल्याचं नाव 'जोशी-अभ्यंकर'. हेगडे गळाला, गोखले गळाला. अभ्यंकरांकडे कामाला असलेल्या सकुबाई वाघ त्याच घरात, त्याच रात्री मारल्या गेल्या. गोष्ट सांगताना त्या सर्वांत शेवटी येतात, तेही बिननावाच्या: "आणि मोलकरीण."

निदान पुण्यात दोन आडनावं तरी उरली. आमच्याकडे तेवढंही नाही. 1968 मध्ये रामन राघव मुंबईच्या पश्चिम उपनगरांत झोपड्यांत आणि उघड्यावर निजलेल्यांची डोकी फोडत हिंडला. जक्कलच्या काळात पुणेकर तिन्हीसांजेला कड्या लावून बसत. इथे कडी लावायला धड दार तरी कुठे होतं? पकडल्यावर त्याने 41 खून कबूल केले. खटला चालला मालाडच्या झोपडीतल्या दोघांच्या खुनाचा. 1969 मध्ये फाशी सुनावली, 1987 मध्ये मनोरुग्ण म्हणून तिची जन्मठेप झाली, 1995 मध्ये तो ससून रुग्णालयात मेला. त्याला लटकवलं नाही याचं मला दुःख नाही; वेड्याला फासावर चढवण्यात कसला आलाय न्याय?

पण आज्यांनी पोरं दटावली ती 'रामन येईल' म्हणून, आणि पोरांच्या पिढ्या खुन्याचं नाव पाठ करूनच मोठ्या झाल्या. ज्या दोघांपायी फाशी सुनावली त्यांची नावं निकालपत्रात आहेत. 2016 च्या सिनेमाला मात्र खुन्याचंच नाव लागलं, वर '2.0' असं शेपूट जोडून.